चौसष्ट नंबरपासून

डॉक्टरांनी गिटार मांडीवर पालथी घेतली, सातव्या पट्टीच्या मागच्या बाजूला जाडी मोजायचा व्हर्निअर लावला आणि चष्मा कपाळावर चढवून आकडा वाचला.

"तेवीस पूर्णांक चार!" ते जवळजवळ ओरडलेच. "काय सांगत होतो मी?"

खोलीतल्या सगळ्यांनी "वा!" केलं. एकानं तर टाळी वाजवली. मिस्त्री खिडकीपाशी स्टुलावर बसले होते. हातात कप, कपात चहा तसाच. वा कशाला म्हणायचं ते त्यांना कळलं नव्हतं, पण पाहुणे एवढे खूश असताना आपण तोंड पाडून बसणं बरं दिसत नाही म्हणून त्यांनीही मान हलवली.

रविवारची सकाळ होती आणि घरामागच्या त्यांच्या कामाच्या शेडमध्ये मंडळ जमलं होतं. मंडळ म्हणजे मिस्त्रींच्या हातची इलेक्ट्रिक गिटार ज्यांच्याकडे आहे असे लोक. डॉक्टर दातांचे, आणि तेच मंडळाचे सर्वेसर्वा. एक विमा कंपनीतले गृहस्थ, त्यांच्याकडे एक सोडून तीन गिटारी. एक भूगोलाच्या बाई, एक बस ड्रायव्हर, आणखी चार-पाच जण. एरवी शहाणीसुरती माणसं हो! पण मिस्त्रींच्या गिटारीचा विषय निघाला की एका स्क्रूच्या डोक्यावर तासभर बोलतील.

मिस्त्री पूर्वी दारं-कपाटं करायचे. सव्वीस वर्षांपूर्वी कुणीतरी मोडकी गिटार जोडायला आणून दिली आणि हे खूळ त्यांच्या डोक्यात जे शिरलं ते शिरलंच. वर्षाला दोन-तीन, फार तर चार. आजवर चौऱ्याहत्तर झाल्या. प्रत्येकीवर मागे बारीक आकड्यात नंबर कोरलेला असायचा, नाव-बिव काही नाही.

"हे झाकण बघा," भूगोलाच्या बाई शेजारच्याला दाखवत होत्या. "आतल्या वायरींवरचं झाकण. कोण बघणार आहे तिथं? तरी त्याच फळीतून कापलंय. लाकडाच्या रेघा इकडून तिकडं सरळ गेल्यात, मध्ये सांधा आहे हे बोट फिरवूनच कळतं. मी रोज बघत बसते. आमचे हे म्हणतात, अगं, वाजव की जरा, पालथी काय घालून बसतेस!"

"आणि घुमतं किती!" विमावाले म्हणाले. "वायर न जोडता एक तार छेडायची आणि पोटाला लावून बसायचं. माझं तर ब्लडप्रेशर उतरतं."

मिस्त्रींनी हे सगळं ऐकलं. तीन वर्षांपूर्वी कुणी असं बोललं असतं तर ते लाजून शेडबाहेर पळाले असते आणि चार दिवस खुशीत राहिले असते. आता कानावर पडत होतं आणि पुढं जात होतं.

डॉक्टर उठून मध्यभागी आले. "मास्टर," ते म्हणाले. मिस्त्रींना मास्टर म्हटलेलं आवडत नसे, पण सांगणार कोण. "गेलं वर्षभर आम्ही मापं घेतोय. त्रेसष्ट नंबरपर्यंत तुमची दांडी सरळ गोल आहे. पण चौसष्टपासून पुढं, सगळ्या अकराच्या अकरा, सातव्या पट्टीच्या मागे वरच्या अंगाला किंचित उंच. मिलिमीटरभर. बरोबर अंगठा जिथं टेकतो तिथं! आम्ही त्याला नाव दिलंय, विसावा. अंगठ्याचा विसावा. जगात कुठल्या कारखान्यानं हे केलेलं नाही. आता एवढंच सांगा, हे तुम्हाला सुचलं कसं?"

दांडी म्हणजे गिटारीची मान. पुढून धातूच्या आडव्या पट्ट्या बसवलेली, वाजवणाऱ्याचा डावा पंजा जिच्यावरून वरखाली फिरतो ती. मिस्त्रींचा खरा नावलौकिक होता तो तिच्यासाठी. साच्याशिवाय, हातानं घडवलेली दांडी.

"कुठं उंच?" मिस्त्री म्हणाले.

सगळे हसले. डॉक्टरांनी गिटार त्यांच्या हातात दिली. मिस्त्रींनी दांडीच्या मागून अंगठा फिरवला, वरून खाली, खालून वर. काहीच लागलं नाही. कानशी आणि पॉलिश पेपर घासून घासून त्या अंगठ्याची कातडी कधीच जाड झालेली होती. त्यांनी दुसरी गिटार मागितली, मग तिसरी. काहीच नाही. मग त्यांनी व्हर्निअर मागून घेतला. तेवीस तीन. तेवीस चार. तेवीस चार.

व्हर्निअर खोटं बोलत नाही. मिस्त्रींनी तो डॉक्टरांना परत दिला.

त्रेसष्ट नंबरची दांडी झाली तेव्हा ती होती. मिस्त्रींची बायको. तिला गाण्यातलं ओ का ठो कळत नव्हतं, या सगळ्याला ती "तुमचं ते टँवटँव" म्हणायची. पण दांडी घासून झाली की मिस्त्री स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहायचे. ती हात धुवायची, टॉवेलला पुसायची, डोळे मिटायची आणि अंगठा फिरवायची. "इथं पोट सुटलंय," म्हणायची. "तुमच्यासारखं." मिस्त्री चिडायचे. तुला काय कळतंय, म्हणायचे, आणि शेडमध्ये जाऊन मुकाट्यानं तेवढीच जागा घासून आणायचे. असं दोनदा, तीनदा. शेवटी एकदा ती काहीच बोलायची नाही. वळून आपल्या कामाला लागायची. म्हणजे दांडी पास. शाबासकी वगैरे तिच्या कोशात नव्हती.

ती गेली आणि पंधरवड्यानं मिस्त्रींनी चौसष्टची दांडी हातात घेतली. घासून झाल्यावर पाय आपसूक स्वयंपाकघराच्या दारापाशी गेले. ते तिथं उभे राहिले. कुणी काही बोललं नाही. मग ते परत आले आणि त्यांनी दांडीला पॉलिश लावलं.

अकरा वेळा हेच झालं होतं. आणि अकरा वेळांत एकदाही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं, की कुणी बोललं नाही कारण बोलायला कुणी नव्हतं.

"मास्टर?" डॉक्टर म्हणाले.

"चूक आहे ती," मिस्त्री म्हणाले.

पुन्हा हशा. "बघा, याला म्हणतात मोठेपणा," विमावाले म्हणाले.

"मोठेपणा कसला डोंबलाचा! चूक आहे. दांडी माझी बायको तपासायची. चौसष्टच्या आधी ती गेली. मला हाताला कळत नाही, आधीही कळत नव्हतं. तिला कळायचं. आजपर्यंत तुम्ही सगळे माझं नाव घेत आलात, मीही घेऊ दिलं." एवढं बोलताना त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही. विजेच्या दुकानात बल्ब बदलून मागावा तसा आवाज. "अकराही आणून द्या. नीट करून देतो."

विमावाल्यांनी आपली एकोणसत्तर नंबरची गिटार हळूच पेटीत ठेवली आणि खटके लावले. भूगोलाच्या बाईंचे डोळे भरून आले, पण त्यांनीही आपली गिटार पुढं केली नाही.

डॉक्टर जवळ आले. माणूस भला होता. "राहू द्या ना मास्टर," ते हलक्या आवाजात म्हणाले. "आता तर आम्हाला ती जास्तच मोलाची. काकूंची आठवण आहे ती."

"तिची आठवण नाही ती, डॉक्टर. ती असती तर यातली एक तरी दाराबाहेर जाऊ दिली असती का?"

मग सगळ्यांनाच काही ना काही कामं आठवली. प्रत्येकानं जाताना मिस्त्रींचा हात हातात घेतला, दोघांनी तर वाकून नमस्कार केला, आणि अकरातल्या इथं आलेल्या आठही गिटारी जशा आल्या तशा पेट्यांतून निघून गेल्या.

पाहुण्यांचं चहापाणी बघायला म्हणून लेक सकाळपासून आली होती. ती कप गोळा करता करता म्हणाली, "काय गरज होती बाबा सांगायची? किती खूश होते बिचारे."

मिस्त्रींनी कोपऱ्यातली पंचाहत्तर नंबरची नुसती घासलेली दांडी उचलून तिच्यापुढं धरली. "हात फिरवून बघ."

लेकीनं कप खाली ठेवले, हात पुसला आणि अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. आईसारखे डोळेही मिटून बघितले. मग तिनं वडिलांकडं बघितलं. तोंडदेखलं काहीतरी बोलावं असं तिला फार वाटलं, पण ती खोटं बोलणारी नव्हती.

"मला नाही काही कळत, बाबा."

"असू दे," मिस्त्री म्हणाले. "मग आता बंदच केलेलं बरं. ज्याचं मला कळत नाही ते लोकांच्या हातात कसं द्यायचं?" आणि ते हत्यारं पुसून खणात ठेवायला लागले. एकेक कानस, एकेक पटाशी. वाईट वाटायला हवं होतं, हे त्यांना कळत होतं. वाटत मात्र नव्हतं. तीन वर्षं असंच चाललं होतं.

दोन खण भरले तेव्हा दारात कुणीतरी खाकरलं. बस ड्रायव्हर होता, हातात गिटारीची पेटी.

"काय राहिलं?" मिस्त्रींनी विचारलं.

"राहिलं काही नाही. मघाशी सगळ्यांसमोर बोलवेना." तो आत येऊन अवघडून उभा राहिला. "माझी अडुसष्ट नंबर. वाजवायला बसलो की अर्ध्या तासात अंगठा दुखतो. दोन वर्षं झाली. मला वाटायचं, दिवसभर स्टिअरिंग धरून माझाच हात कामातून गेलाय. मंडळात सगळे विसावा विसावा करतात, तिथं मी एकटा कुठं सांगू की मला टोचतंय म्हणून? अडाणी ठरलो असतो. मीही वा वा करत बसलो."

"कुठं टोचतंय ते दाखवता येईल?"

"न दाखवायला काय झालं! झोपेतसुद्धा दाखवीन."

तारा उतरल्या, दांडी सोडवली, गुंडाळलेल्या गोधडीवर पालथी ठेवली. ड्रायव्हरनं अंगठा टेकवला. "हे इथं. आणि इथपर्यंत." मिस्त्रींनी पेन्सिलीनं खूण केली आणि खणातून पातळ धारेची पत्ती परत काढली. पॉलिश खरवडून निघालं, खालचं कोरं लाकूड दिसायला लागलं.

"आता?"

"आहे अजून. जरा डाव्या अंगाला."

"आता?"

"थोडं. अगदी थोडं."

दहा-बारा वेळा असं झालं. घासता घासता मिस्त्री बोलायला लागले, मान वर न करता. "ती गेल्यापासून मला काही होत नाही बघा. रडू आलं नाही. भूक लागली का ते घड्याळ बघून ठरवतो. लोक म्हणतात धीराचा माणूस आहे. धीर कसला? हा अंगठा जसा झालाय तसा सगळाच झालोय."

ड्रायव्हर म्हणाला, "माझी आई गेली तेव्हा मी दुसऱ्या दिवशी गाडी काढली होती. प्रत्येक स्टॉपवर थांबलो. कुठला रस्ता होता, विचाराल तर सांगता येणार नाही." मग त्यानं पुन्हा अंगठा फिरवला, दोनदा, हळू. "गेलं, मिस्त्री. आता कुठं अडत नाही."

मिस्त्रींनी आपला अंगठा फिरवून बघितला. मघाशीही काही लागलं नव्हतं, आताही लागलं नाही. "तुम्ही म्हणताय तर गेलं," ते म्हणाले. "पॉलिशला आठ दिवस लागतील. रविवारी सुट्टी असते ना तुम्हाला? येताना जरा वेळ काढून या. पंचाहत्तरची दांडीही बघायची आहे."

"येतो की," ड्रायव्हर म्हणाला आणि रिकामी पेटी उचलून गेला.

लेक झाडू आणि सुपली घेऊन आली. गोधडीवर खरवडलेल्या लाकडाचा किस पडला होता, चिमूटभर, पिठासारखा बारीक. "थांब," मिस्त्री म्हणाले. त्यांनी बोटांनी तो हळूहळू एका जागी ओढला आणि डाव्या तळहातावर घेतला. तीन वर्षांत एका दांडीवर राहून गेलं होतं ते एवढंच होतं. हातावर त्याचं वजन लागत नव्हतं. लेक सुपली धरून उभी राहिली, तिनं घाई केली नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी तळहात सुपलीत उलटा केला आणि पँटला हात पुसला.