ग्रुपवरचा अंगठा

वॉशिंग मशीनचा बीप वाजला आणि माझी दुपार संपली. पाळण्यात सिद्धांत चुळबुळला, पण उठला नाही. ओवीची पांढरी पँट बाहेर काढली. मांडीवर चेंडू घासून पडलेला लाल डाग तसाच होता. सर म्हणतात, हा डाग बोलरने मिरवायचा.

सर म्हणजे खैरुद्दीन. पाकिस्तानकडून सहा टेस्ट खेळले, मग गुडघा गेला. गेली अकरा वर्षं इथे दुबईत, सिलिकॉन ओएसिसच्या क्रिकेट अकॅडमीत शिकवतात. माझ्या आठ वर्षांच्या ओवीला त्यांनी दोन महिने नुसतं एका स्टंपवर बोलिंग करायला लावलं. मॅच एकही नाही. पालक कुरकुरायला लागले होते.

गेल्या मंगळवारी सिद्धांतला पाजत असताना पालकांच्या ग्रुपवर मृणालिनी नावाच्या एका आईचा लांबलचक मेसेज आला. मी पहिली ओळ वाचली आणि अंगठा टाकला. आम्ही सगळ्याच तसं करतो. अंगठा म्हणजे बघितलं, चला पुढे. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, नवा कोच हवा असेल त्यांनीच अंगठा द्या. ती मी दोन दिवसांनी वाचली. तोवर एकोणीस अंगठे झाले होते आणि मृणालिनीने ते मॅनेजरला पाठवले होते.

काल सिद्धांतला कडेवर घेऊन अकॅडमीत गेले. माझा अंगठा चुकून पडला, म्हटलं. मॅनेजर स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "खलास मॅडम, सरांना मेल गेला." नोकरीबरोबर व्हिसाही जातो, हे त्याने सांगायची गरज नव्हती.

बाहेर सर नेटमधले खडे वेचत होते. एरवी मुलांकडून वेचून घेतात. सांगून टाकावं म्हणून जवळ गेले. ओवीचं मनगट आता छान वळतंय म्हणाले, बाळाचं नाव विचारलं. मग माझ्याकडे बघून खुर्ची पुढे सरकवली.

"बैठिए बेटी. बहुत थकी हुई लगती हैं आप."

मी बसले. ते पुन्हा खडे वेचायला लागले. थोड्या वेळाने मी सिद्धांतला घेऊन घरी आले.

आता ओवी शाळेतून आली. बसमध्ये तिच्याबरोबर अकॅडमीतली हिबा असते. दप्तर सोफ्यावर टाकलं, आधी पँट बघितली. डाग गेला नाही म्हणून खूश झाली. मग त्यावरून बोट फिरवत म्हणाली, "सर इज गोइंग. हिबाज मॉम टोल्ड देम नो. आई, व्हॉट डिड यू से?"