मिएनच्या वाटणीची जागा

मित्रांनो, दिसायला मी आता काही खास उरलेलो नाही. ॲल्युमिनियमचा गोल थाळा, कडेला दोन पोचे, मधलं कमळ घासून घासून पुसट झालेलं. पण थाय बिन्हकडच्या आमच्या गावात थाळा म्हणजे घरच. इथे एकेकाचं वेगळं ताट नसतं. भाजी, मासा, रस्सा सगळं माझ्यावर, मधोमध माशाच्या खारवलेल्या अर्काची एकच वाटी, आणि भोवती चटईवर घरची माणसं, हातात आपापला भाताचा वाडगा घेऊन. मी थोडा फुगून राहिलो तर मला नावं ठेवू नका.

एका कारागिराने भंगार वितळवून मला ओतलं आणि ठोकून गोल केलं. या घरच्या खिएम आजोबांचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. बाजारात आजीने माझ्यावर बोटाने टकटक केलं आणि म्हणाली, "आवाज चांगला आहे, घेऊ या." सायकलच्या मागे बांधून मला घरी आणलं. गल्लीत कुणाकडे लग्न असलं की मला मागायला लोक यायचे. आजी मला राखेने घासायची. ती गेल्यावर तिच्यासारखं पुन्हा कुणी घासलं नाही.

आमच्याकडची एक रीत सांगतो. जेवायला बसलं की घरातल्या सगळ्यात धाकट्याने मोठ्यांना क्रमाने 'जेवा' म्हणायचं. मग सगळ्यात मोठ्याने 'हं, जेवा सगळे' असं उत्तर द्यायचं. तोवर कुणी जेवायच्या काड्यांना हात लावायचा नाही. या घरात धाकटी म्हणजे नात मिएन. लहानपणी भुकेच्या घाईत ती एका दमात सगळ्यांना उरकून टाकायची.

"गाडी पकडायची आहे का?" आजोबा दटावायचे. "पुन्हा सांग. नीट."

"आजोबा, जेवा. बाबा, जेवा. आई, जेव."

"हं, जेवा सगळे."

मग काड्यांची खडखड सुरू व्हायची. त्या आवाजासारखं सुख मला दुसऱ्या कशात वाटलं नाही.

मिएन शिकली, हुशार निघाली आणि तिने जर्मनीला शिकायला जायचं ठरवलं. तिच्या बाबांनी, थोआनने, होकार दिला. आई लुआ रडली आणि मग तीही हो म्हणाली. आजोबा मात्र अडून बसले.

"या गल्लीत बघ," ते म्हणाले. "पोरं परदेशी गेली, घरांवर मजले चढले. आणि आत जेवायला कोण? दोन म्हातारी आणि एक कुत्रा."

"मी परत येणार आहे, आजोबा."

"सगळे हेच सांगून जातात. जा. पण मग माझ्याशी बोलायला येऊ नकोस."

ती गेली. रोज संध्याकाळी आमच्या जेवणाच्या वेळी तिचा फोन यायचा. तिच्याकडे तेव्हा दुपार असायची. थोआन फोन अर्काच्या बाटलीला टेकवून माझ्यावरच उभा करायचा. मिएन क्रमाने सगळ्यांना जेवायला सांगायची आणि आजोबा उत्तर न देता भात खायला लागायचे. मला ते फार लागायचं. म्हाताऱ्या माणसाने इतकं हट्टी असू नये, असं मी मनात कितीदा म्हटलं.

पुढे लुआने एक छोटा स्टीलचा थाळा आणला. तिघांना मोठा कशाला लागतो? मी अंगणात पावसाच्या पाण्याच्या रांजणावर झाकण म्हणून जाऊन बसलो. एक बेडूक रोज माझ्यावर येऊन बसायचा. लग्नात मिरवलेल्या थाळ्याची ही गत! तिथूनही उघड्या दारातून जेवणं दिसायची. हळूहळू फोन कमी झाले. मग आठवडाभर एकही आला नाही. लुआ वाडगा हातात धरून फोनकडे बघत बसायची.

अशात आजीची तिथी आली. तिथीला मोठाच थाळा लागतो, म्हणून मला घासूनपुसून आत घेतलं. नैवेद्य मांडून आधी पूर्वजांच्या फोटोंपुढे ठेवलं आणि उदबत्ती संपल्यावर चटईवर आणलं. मिएनची थोरली आत्याही आली होती. भर दुपारी सगळे जेवायला बसले आणि नेमका फोन वाजला.

"पोरगी वाळली की फोनच अरुंद आहे?" आत्या म्हणाली. कुणी हसलं नाही. मिएनचे डोळे सुजलेले होते.

"आजोबा, जेवा. आत्या, जेवा. बाबा, जेवा. आई..." तिथे तिला रडू फुटलं. "आई, मी नापास झाले."

विद्यापीठात प्रवेश मिळण्याआधी तिथे वर्षभराची तयारी असते आणि शेवटी परीक्षा. तिच्यात ती नापास झाली होती. आता आणखी एकच संधी होती.

"मला नाही जमत," ती म्हणाली. "मी परत येते."

लुआच्या तोंडावर 'ये' आलं होतं, मला दिसत होतं. पण तिने आजोबांकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. वर्षभर ज्याची ते वाट बघत होते ते आयतं समोर आलं होतं. एक शब्द बोलायचा अवकाश, पोरगी घरी आली असती.

आजोबा फोनकडे झुकले. "आज काय खाल्लंस?"

त्यांचा आवाज ऐकून मिएन गडबडली. "काही नाही. आत्ताच तर उजाडलंय."

"काल?"

"पाव."

"तिकडे तांदूळ मिळत नाही?"

"घरात आहे. पण एकटीसाठी कोण शिजवत बसणार?"

"तू. आत्ता. परत यायचं असेल तर ये, हे घर तुझंच आहे. राहायचं असेल तर राहा. पण उपाशी पोटी ठरवू नकोस. भात टाक, आम्ही थांबतो."

"बाबा," आत्या म्हणाली, "आईला नैवेद्य दाखवून झालाय. सगळं गार होतंय."

"तुझी आई जन्मभर सगळ्यांच्या शेवटी गार अन्न जेवली. एक दिवस आपण जेवू."

मग आम्ही थांबलो. फोनमधून तांदूळ धुतल्याचा आवाज आला, मग कुकरचं झाकण लागलं. माझ्यावरच्या रश्श्यावर तवंग धरला, माशाचं तेल थिजलं. एरवी मी कुरकुरलो असतो. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, त्यांना रांजणावर टाकू नका, हे तर मला तुम्हाला सांगायचं होतंच. पण त्या दिवशी वाटलं, त्याआधी आपलं दूर गेलेलं माणूस जेवलं का, हे विचारा. पास झालं का, ते मागून विचारता येतं.

शेवटी मिएन वाफाळता वाडगा घेऊन समोर बसली. रीतीप्रमाणे पुन्हा आजोबांपासून सुरुवात करणार, तोच आजोबांनी हात वर केला. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाने सगळ्यात धाकटीला म्हटलं,

"मिएन, जेव."

असं या घरात कधीच झालं नव्हतं. लुआने बाहीलाच डोळे पुसले. मग मिएन रडता रडता हसली आणि म्हणाली,

"हं. जेवा सगळे."

खडखड सुरू झाली, इकडे आणि तिकडेही. अर्धा वाडगा संपल्यावर ती हळूच म्हणाली, "आजोबा, मी पेपर पुन्हा देते."

"दे," आजोबा म्हणाले. "पण उद्या जेवायच्या वेळेला फोन कर. तुझ्याशिवाय मी सुरू करणार नाही. आणि मला भूक लवकर लागते."