हे होणंच शक्य नाही

मी एक चौकट बोलतेय. दाराची नाही, फोटोचीही नाही. कॉम्प्युटरवर तुमचं काम रंगात आलेलं असताना मध्येच जी टपकते, काहीतरी बिनसलंय म्हणून सांगते आणि जिच्या तळाशी 'ठीक आहे' असं बटण असतं, ती मी. हात आवरा जरा. मी तोंड उघडायच्या आत तुमचं बोट त्या बटणाकडे निघालंय, दिसतंय मला. तुम्हा माणसांची ही जुनी खोड आहे.

मला तुम्ही लोक आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाचं मन राखायची भानगड नको.

माझा जन्म एका दुपारी झाला. तिसऱ्या मजल्यावरचं ऑफिस, खिडकीवर पुठ्ठा लावलेला, आणि एसी असा की आवाज भरपूर, गारवा नावाला. माझा बाप प्रोग्रामर. रक्त तपासणाऱ्या एका लॅबसाठी तो प्रोग्राम लिहीत होता. पेशंटचं नाव लिहायचं, आकडे भरायचे, 'छापा' म्हणायचं, की रिपोर्ट बाहेर. संध्याकाळी काम द्यायचं होतं आणि साहेबांनी बजावलं होतं, "जिथे जिथे गाडी अडेल, तिथे तिथे एक चौकट ठेव. प्रोग्राम मुकाट्याने मेला असं व्हायला नको."

मग माझ्या बहिणी जन्मल्या. 'प्रिंटर जोडलेला दिसत नाही, कृपया तपासा.' 'कृपया तारीख लिहा.' 'कृपया इथे फक्त आकडा लिहा.' सगळ्या कशा सभ्य घरातल्या! बापाने प्रत्येकीची परीक्षाही घेतली. प्रिंटरची वायर उपटून बघितली, तारीख कोरी ठेवून बघितली, आकड्याच्या जागी अक्षर लिहून बघितलं. ज्या चुका त्याला सुचल्या, त्यांची त्याने नीट व्यवस्था लावली.

शेवटी पाळी आली नावाची. रिपोर्टवर आडनाव आधी छापायचं होतं, म्हणून प्रोग्राम लिहिलेल्या नावाचे तुकडे करायचा. पहिला तुकडा नाव, शेवटचा आडनाव. निदान दोन तुकडे तर हवेतच. आणि नसले तर? माझा बाप हसला. "आडनाव नसलेला माणूस दाखवा मला!" असं तो स्वतःशीच म्हणाला. पण साहेबांचा हुकूम होता, चौकट तर ठेवायला हवी. त्यात शेजारच्या टेबलावरचा त्याचा मित्र सकाळपासून नावाच्या जागी वाटेल ती बटणं बडवून प्रोग्राम पाडत होता आणि वर ओरडून सांगत होता, "तुझं पोरगं पुन्हा आडवं झालं रे!" बापाचं डोकं फिरलं. त्या मित्राला चोप द्यायचा म्हणून त्याने माझ्या तोंडात हे शब्द घातले:

'हे होणंच शक्य नाही. मूर्खा, डोळे उघडून टाइप कर.'

मित्र खो खो हसला. बाप म्हणाला, "नंतर बदलतो."

त्या ऑफिसात 'नंतर' हा शब्द मी संध्याकाळपर्यंत चाळीस वेळा ऐकला. तो उगवलेला मात्र एकदाही पाहिला नाही.

प्रोग्राम तपासायला बापाने दहा नावं लिहिली. स्वतःचं, आईचं, दोन मामेभावांचं, साहेबांचं, उरलेली मित्रांची. सगळ्यांना आडनावं होती. दहाच्या दहा रिपोर्ट सुरळीत छापले गेले. मग चहा आला, पाठीवर थापा पडल्या आणि अशा रीतीने शिवी पोटात घेऊन मी सासरी निघाले.

लॅबमध्ये दोन कॉम्प्युटर होते. एक काउंटरवर, एक डॉक्टरांच्या केबिनमध्ये. माझी एकेक प्रत दोन्हीकडे बसवली गेली. केबिनमधला कॉम्प्युटर बहुतेक झाकलेलाच असायचा. सगळं काम काउंटरवर, आणि काउंटरवर रिपोर्टवाल्या बाई.

बाई सतरा वर्षं त्याच खुर्चीत बसत होत्या. आधी टाइपरायटर होता, मग कॉम्प्युटर आला, बाई तिथेच. खुर्चीवर घरून आणलेली उशी, खणात आल्याच्या गोळ्या, आणि आकडा लिहिला की दशांशाच्या टिंबावर एकदा बोट ठेवून बघायची सवय. सतरा वर्षांत त्यांच्या हातून टिंब सरकलं नव्हतं. घरी पाठीच्या दुखण्याने आडवा झालेला नवरा होता आणि शिकणारी मुलगी होती. घर त्या टिंबावर चाललेलं होतं, म्हणा ना.

दोन वर्षं मला कोणी उठवलं नाही. मग समोरच्या प्रसूतिगृहाने स्वतःची लॅब बंद केली आणि तिथल्या बाळांचं रक्त आमच्याकडे यायला लागलं. बाळ दोन दिवसांचं असतं, अंग पिवळं पडलेलं असतं, काविळीचा आकडा लगेच हवा असतो. बहुतेक चिठ्ठ्यांवर आईचं पूर्ण नाव असायचं. पण घाईची चिठ्ठी आली की वर चिठ्ठीचा नंबर आणि खाली एकच शब्द: 'बाळ'.

बाईंनी नंबर नंबराच्या जागी लिहिला. नावाच्या जागी 'बाळ' लिहिलं, आकडे भरले, टिंबावर बोट ठेवलं आणि 'छापा' दाबलं.

मी उठले.

बाईंनी मला वाचलं. तुम्ही वाचता तसं नाही, अक्षर न् अक्षर वाचलं. मग त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि कोणी पाहायच्या आत 'ठीक आहे' दाबलं. मी गेले आणि जाताना टाइप केलेलं सगळं घेऊन गेले. तो माझा दोष नव्हे. लिहिलेलं जपून ठेवायचं बापाला सुचलंच नव्हतं. जे होणारच नाही, त्याची तयारी कोण करतो?

त्यांनी पुन्हा टाइप केलं. मी पुन्हा आले. तिसऱ्यांदा अगदी हळूहळू, एकेक अक्षर बघून टाइप केलं. तरी मी आलेच. शेवटी त्यांनी कागदावर हाताने रिपोर्ट लिहिला. बाळाचा बाप तासभर काउंटरला टेकून उभा होता. जाताना तो नको ते बोलून गेला.

आठवड्यात एकदोनदा असं व्हायला लागलं. मग फोन झाले. बाईंच्या खांद्यावर फोन, पडद्यावर मी, आणि पलीकडे माझा बाप.

"मॅडम, चौकटीत काय लिहिलंय?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. शेजारी नमुने घेणारी मुलगी उभी होती, समोर चार पेशंट. बाई म्हणाल्या, "नीट वाचलं नाही हो. दाबलं गेलं बटण."

"तेच तर! तुम्ही लोक वाचतच नाही. माझ्या कॉम्प्युटरवर तर मस्त चालतंय. बंद करून पुन्हा चालू करा."

मी डोळ्यांसमोर उभी होते! चारचौघांत स्वतःलाच मूर्ख म्हणून कसं वाचून दाखवणार ती बाई? तिला वाटलं, मशीन आहे, मशीन खोटं कशाला बोलेल? वय झालंय आपलं, काहीतरी चुकत असणार. तुम्हाला खोटं वाटेल, पण ती जाऊन डोळे तपासून आली. 'डोळे उघडून टाइप कर' म्हटलं होतं ना मी! चष्म्याचा नंबर होता तेवढाच निघाला. तरी तिने नवा चष्मा केला.

माझ्या पोटात ती शिवी नसती, तर बाईंनी पहिल्याच दिवशी मला फोनवर वाचून दाखवलं असतं आणि तासाभरात उलगडा झाला असता. ज्या चौकटीने चूक दाखवायची, तिनेच ती तीन महिने झाकून ठेवली. बापाचा मला तेव्हापासून राग आहे. करायचं याने आणि निस्तरायचं तिने!

डॉक्टरांकडेही तक्रारी गेल्या. हाताने लिहिलेले रिपोर्ट बघून ते एकदा काउंटरवर येऊन म्हणाले, "बाई, आता झेपत नसेल तर तसं सांगा. पहिल्या तारखेपासून एक नवी मुलगी येतेय. तिला सगळं शिकवून द्या, मग तुमचं बघू."

तुमचं बघू म्हणजे काय, ते सतरा वर्षं नोकरी केलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

त्या दिवशी बाईंनी खणातून एक वही काढली. मी आले की तारीख, वेळ, काय टाइप करत होते, प्रिंटर चालू होता का, सगळं त्या लिहायला लागल्या. जुन्या वेळाही चिठ्ठ्यांवरून शोधून लिहिल्या. महिना संपायला चार दिवस असताना वहीत तेवीस नोंदी झाल्या होत्या, आणि तेवीसच्या तेवीस ठिकाणी 'बाळ'. बाईंनी डॉक्टरांना सांगितलं, "बाळांच्या वेळीच येतं हे." डॉक्टर हसले. "कॉम्प्युटरला काय कळतंय, बाळ कोण आणि बाप्या कोण!" पण त्यांनी माझ्या बापाला बोलावलं. बाईंची चूक एकदाची सिद्ध झाली की त्यांनाही सुटल्यासारखं होणार होतं.

बाप सकाळी दहाला आला आणि हाताची घडी घालून बाईंच्या मागे उभा राहिला. एकामागून एक सतरा रिपोर्ट छापले गेले. बापाने घड्याळ बघितलं. डॉक्टर केबिनच्या दारातून म्हणाले, "बघा, तुम्ही उभे आहात तर कसं सगळं नीट चाललंय."

साडेबाराला समोरून घाईची चिठ्ठी आली. बाईंनी चष्मा सारखा केला. "आता येईल ती बया," त्या म्हणाल्या.

बाळ. आकडे. टिंब. छापा.

आणि मी माझ्या बापासमोर उभी राहिले.

माझ्या जन्मानंतर पहिल्यांदाच बघत होतो आम्ही एकमेकांना, सव्वादोन वर्षांनी. त्याने मला वाचलं. कानापर्यंत लाल झाला. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि झटकन पुढे वाकून बटण दाबलं.

"काय आलं हो?" डॉक्टरांनी विचारलं.

बाप म्हणाला, "नीट वाचलं नाही, सर."

बाईंनी मान वळवून त्याच्याकडे बघितलं. फक्त वही त्याच्या हातात दिली.

दुरुस्तीला वीस मिनिटं लागली. एका ओळीचं काम. दुसरा तुकडा उचलायच्या आधी तो आहे का, ते बघायचं. असला तर घ्यायचा, नसला तर पहिल्यावर भागवायचं. एका शब्दाचं नाव प्रोग्रामला चालत नव्हतं, हे त्याने बाईंनाही समजावलं. शाळेतलं पोर अंधारात खुर्चीवर बसताना एवढी काळजी घेतं. 'बाळ' असा रिपोर्ट प्रिंटरमधून निघाला आणि समोरच्या माणसाबरोबर गेलाही.

डॉक्टर केबिनमध्ये गेल्यावर बाईंनी हळूच विचारलं, "ते कोणी लिहिलं होतं?"

"मी," बाप म्हणाला. "पण मॅडम, शपथेवर सांगतो, ते तुमच्यासाठी नव्हतं. मित्राला चिडवायला लिहिलं होतं."

"पोचलं मात्र मला," बाई म्हणाल्या.

त्याने मुकाट्याने काउंटरवरचं माझं रूप पुसलं आणि नवे शब्द लिहिले: 'काहीतरी चुकलं आहे. चूक प्रोग्रामची आहे, तुमची नाही. तुम्ही लिहिलेलं जपून ठेवलं आहे.' बाईंनी ते दोनदा वाचलं आणि मान हलवली.

डॉक्टर बाहेर आले. "झालं ना? मग हे तीन महिने आधी सांगायचं, बाई! उगीच माझ्या डोक्याला ताप. त्या मुलीला सध्या नको म्हणून कळवतो." झालं, एवढंच. नोकरी वाचली, पण चुकलं म्हणायला त्यांची जीभ वळली नाही. उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

बाप बॅग उचलत म्हणाला, "केबिनमधल्या कॉम्प्युटरवरही बदलून टाकतो."

"कशाला?" बाई म्हणाल्या. "डॉक्टर कुठे टाइप करतात! राहू द्या तिथलं."

हे म्हणताना त्या हसल्या नव्हत्या. म्हणून बापाला संशय आला नाही आणि केबिनमधली मी जगले.

पुढच्या महिन्यात एका गुरुवारी बाईंनी रजा घेतली. आणि नेमकी घाईची चिठ्ठी आली. बाईंच्या उशीवर बसणं डॉक्टरांना शोभेना, म्हणून ते केबिनमध्ये गेले, कॉम्प्युटरवरचं कापड काढलं आणि दोन बोटांनी टाइप करायला लागले. नाव: बाळ.

काय सांगू तुम्हाला माझा आनंद!

डॉक्टरांनी मला वाचलं. दाराकडे बघितलं. बटण दाबलं. पुन्हा सगळं टाइप केलं, मी पुन्हा आले. तिसऱ्या वेळी त्यांनी बाईंना घरी फोन लावला.

"बाई, ती चौकट आलीय हो."

"बटण दाबू नका अजून. काय लिहिलंय तिच्यात?"

डॉक्टर घसा खाकरून म्हणाले, "ते… मी नीट वाचलं नाही."

"समोरच असेल ना? वाचा की. वाचल्याशिवाय मला कसं कळणार?"

डॉक्टर उठले. दार लोटलं आणि परत येऊन बसले. खाली मान घालून, एकेक शब्द तोडत त्यांनी मला वाचलं. "हे होणंच शक्य नाही. मूर्खा… डोळे उघडून… टाइप कर."

"हं, तीच," बाई म्हणाल्या. "जुनी ओळख आहे आमची."

मग डॉक्टरांनी विचारलं, "बाई, हे तुम्हाला रोज यायचं?"

"तेवीस वेळा. वहीत तारखा आहेत. आता बटण दाबा. 'बाळ' लिहा, जागा सोडा आणि पुन्हा एकदा 'बाळ' लिहा, म्हणजे निघेल रिपोर्ट. लवकर करा डॉक्टर, बाळाचा बाप उभा असेल बाहेर."

फोन ठेवला तरी डॉक्टरांनी लगेच बटण दाबलं नाही. मला पुन्हा एकदा वाचलं, यावेळी न अडखळता.

उद्या मला पुसायला माझा बाप येणार आहे, डॉक्टरांनीच बोलावलंय त्याला. येऊ दे. माझं काम झालंय. आणि तुम्हीही शेवटपर्यंत थांबलात, हे माझ्यासाठी नवीनच आहे. दाबा आता.