‘येडशी’चा तिसरा अल्बम

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास शिवप्रिया कळंबच्या एसटी स्टँडवर उतरली आणि विचारत विचारत ‘बशीर अँड सन्स’ या मोटार रिवायंडिंगच्या दुकानापर्यंत आली. हाफिज आत बसून पाण्याच्या मोटारीत तांब्याची तार भरत होता. त्यानं मान वर केली, तिला ओळखलं, आणि हातातलं वेटोळं पुरं होईपर्यंत उठला नाही. सहा वर्षांनी दोघं समोरासमोर येत होते.

कॅनडातल्या हॅमिल्टन शहरात या दोघांचा ‘येडशी’ नावाचा बँड होता. शिवप्रिया गिटार वाजवायची आणि गायची, हाफिज ड्रम वाजवायचा. तिसरं कुणी नव्हतं. ती मुरुमची, तो कळंबचा. ओळख झाली तिथल्या एका गोदामात, खोकी भरायच्या पाळीत. आपलं गाव कुठं ते सांगताना दोघांनीही वाटेवरच्या येडशी गावाची खूण सांगितली आणि तेच नाव बँडला पडलं. तिकडच्या लोकांना त्याचा अर्थ कळायचा नाही. या दोघांनी कधी सांगितलाही नाही.

पहिला अल्बम त्यांनी भाड्याच्या घराच्या तळघरात रेकॉर्ड केला. दुसऱ्याची दखल तिथल्या मासिकांनी घेतली आणि लहान लहान हॉलमधून बोलावणी येऊ लागली. गाणं सुरू होण्याआधी हाफिज काठ्यांवर मोजायचा, “येक, दोन, तीन, च्यार.” बहुतेक बँड हे मोजणं रेकॉर्डमधून कापून टाकतात. यांनी ते ठेवलं. पुढं पुढं प्रेक्षकही त्याच्याबरोबर मोजू लागले, कळंबच्या उच्चारात.

मग हाफिजच्या वडलांना, बशीरमियांना, पक्षाघात झाला. हाफिज दोन महिन्यांसाठी म्हणून आला. दुकान बघायला दुसरं कुणी नव्हतं, तो परत गेला नाही. दौरा ठरलेला होता म्हणून शिवप्रियानं मॉन्ट्रियलचा एक ड्रमर घेतला. नंतर त्याच्याबरोबरच तिसरा अल्बम केला आणि त्यावरही नाव ‘येडशी’च ठेवलं. हाफिजला तिनं कळवलं नाही. त्याला ते जाहिरातीवरून कळलं. त्यानंतर तिनं ‘गंगम्मा’ या नावानं एकटीची काही गाणी काढली. हाफिजनं कळंबहून मोटारींची घरघर आणि हातोडीचे ठोके जुळवून ‘बशीर अँड सन्स’ याच नावानं इंटरनेटवर टाकले. ते फारसं कुणी ऐकलं नाही.

आता ‘येडशी’ बंद होणार होता. शेवटचा कार्यक्रम ऑक्टोबरमध्ये हॅमिल्टनला. त्या दिवशी ड्रमवर हाफिज हवा, एवढंच मागायला ती आली होती.

“फोन करून यायचं न्हाय व्हय,” तो म्हणाला.

“उचलला असतास?”

“न्हाय.”

त्यानं स्टूल पुढं सरकवलं. तेवढ्यात मागच्या घरातून बशीरमियां काठी टेकत आले. तिचा फोटो त्यांनी पाहिलेला होता. मागं दारात हाफिजची आई, लालबी, उभ्या होत्या.

“बस पोरी. जेवल्याबिगर जायचं न्हाय. लालबी, दोन मुठी तांदूळ वाढव. तूच सांग ह्याला काहीतरी. दुकानाची पाटी म्या रंगवून घेतली, आन ह्यो त्याच नावानं गाणी विकतोय.”

“इकत कोण घेतंय अब्बा,” हाफिज म्हणाला.

बशीरमियांनी डाव्या हातानं फोन काढला आणि एक गाणं लावलं. तिसऱ्या अल्बममधलं, ‘येडशी’चं सगळ्यांत गाजलेलं. आधी हाफिजचा आवाज आला, येक, दोन, तीन, च्यार. मग ड्रम.

“दुसऱ्यांदा दवाखान्यात होतो तवा ऐकलं हे. साऱ्या वार्डाला सांगितलं, आवाज माझ्या लेकाचा आन हातबी माझ्या लेकाचा. डॉक्टरीणबाईंना दोनदा ऐकवलं. बिचाऱ्या कट्टाळल्या.”

शिवप्रिया हाफिजकडं बघत राहिली. तो तार गुंडाळू लागला.

आवाज त्याचाच होता. हात मॉन्ट्रियलच्या ड्रमरचे होते. जुन्या रेकॉर्डिंगमधलं हाफिजचं मोजणं तिनं तिसऱ्या अल्बममध्ये प्रत्येक गाण्याच्या आधी जोडलं होतं. त्याची आठवण म्हणून, असं ती आजही सांगते.

जेवणं झाल्यावर दोघं मागच्या पायरीवर बसले. तिनं ऑक्टोबरच्या कार्यक्रमाचं सांगितलं, मग विचारलं,

“चाचांना खरं माहीत नाही?”

“कसं सांगू? त्या दिवशी ह्या गाण्यावर त्यांचं बोट हललं. पयल्यांदा.”

“ऑक्टोबरला अल्बमची नवी आवृत्ती निघतीये. तुझा आवाज काढून टाकते.”

“मग इचारतील, पोराचा आवाज कुठं गेला.”

“मग मी काय करू?”

“तवा इचारायचं होतं. एक फोन केला असतास तर म्या नवं मोजून पाठवलं असतं. वाजवू दे त्याला, म्हणलो असतो.”

तिनं पायरीवर पडलेला तारेचा तुकडा उचलून बाजूला ठेवला.

“आन कार्यक्रमाला आलो तरी लोक तेच गाणं मागणार,” तो म्हणाला. “त्याचा व्हिडिओ निघणार, अब्बा बघणार. त्या पोराचा हात येगळा हाय. मधीच डाव्या हातानं काय भरतो, मला न्हाय येत ते. अब्बा माझं म्हणून जे ऐकत्यात, तेच मला त्याच्याकडनं शिकावं लागंल.”

“शिकशील?”

दुकानात एक गिऱ्हाईक जळालेली मोटार घेऊन आलं होतं. हाफिज उठून गेला. दुपारच्या गाडीनं शिवप्रिया निघाली.

हॅमिल्टनला पोचल्यावर तिनं मॉन्ट्रियलच्या ड्रमरकडं त्या गाण्यातल्या नुसत्या ड्रमचं रेकॉर्डिंग मागितलं. त्यानं ते त्याच दिवशी दिलं आणि तिनं कळंबला पाठवलं. हाफिजनं ते ऐकल्याची खूण दिसली, मजकूर आला नाही.

गेल्या गुरुवारी तिनं लालबींना फोन केला.

“दुपारी शटर वढून घेतो आन आत पत्र्याचा डबा बडवत बसतो,” लालबी म्हणाल्या. “मधीच थांबतो, पुन्ना पयल्यापासनं. त्याचे अब्बा मला इचारत्यात, सोताचंच वाजवलेलं ह्यो परत काय शिकतोय? म्या काय सांगू पोरी?”

नव्या आवृत्तीचं काम शिवप्रियानं थांबवून ठेवलं आहे. कार्यक्रमाच्या पोस्टरवर दोघांचीही नावं छापून झाली आहेत. हाफिजनं व्हिसासाठी अर्ज केलेला नाही. येतोस का, या तिच्या प्रश्नाला शुक्रवारपर्यंत त्याचं उत्तर आलेलं नव्हतं.