आटलेली फीत

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर फीतवाले महाराज एक पांढरी फीत उंच धरून उभे होते.

"पाहा, भगिनींनो. गेल्या खेपेला गाठ एवढी होती." त्यांनी लाकडी पट्टीवर बोट ठेवलं. "आज एवढीच उरली. सुई नाही, सुरी नाही, स्पर्शसुद्धा नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. ती फीत समोर बसलेल्या टेलरबाईंच्या गाठीची होती.

महाराजांची रीत मोठी सोज्वळ. छातीत गाठ असलेल्या बाईने पडद्याआड जायचं आणि कोरी सुती फीत कपड्यांवरूनच, अंदाजाने गाठीवर धरून तेवढीच कापायची. महाराज ती पट्टीवर मोजत, उकळत्या 'सिद्धजला'त बुडवत, काहीबाही पुटपुटत आणि वाळवून पुढच्या सभेत पुन्हा पट्टीवर ठेवत. फीत जेवढी आखूड भरेल, तेवढी गाठ विरघळली. परक्या बाईला बोटही न लावणारा सत्पुरुष म्हणून नवरेमंडळीही खूश होती. पथ्य एकच. गाठीला हात लावला तर ती जागी होते, आणि डॉक्टरची सुई लागली तर अंगभर पळत सुटते. टेलरबाई अंघोळीतही डाव्या बाजूला हात नेत नसत. गाठ दुखत नव्हती, याचाही त्यांना धीर वाटायचा.

एके दिवशी दुकानात एक गिऱ्हाईक तणतणत आलं. मुलीचा नवा फ्रॉक पहिल्याच धुण्यात आखूड झाला होता.

"कोरं कापड आधी भिजवून आणा म्हटलं होतं ना?" टेलरबाई म्हणाल्या. "सुती कापड गरम पाण्यात आटणारच."

शाळेत विज्ञान शिकवणारी धाकटी नणंद शेजारी बटणं लावत बसली होती. तिचा हात थांबला. गिऱ्हाईक गेल्यावर तिने विचारलं, "वहिनी, महाराजांची फीतही कोरीच असते ना?"

"सगळीकडे तुझं शास्त्र आणू नकोस."

नणंदेने वाद घातला नाही. तिने स्टीलच्या वाटीभोवती टोकाला टोक भिडवून कोरी फीत कापली, उकळत्या पाण्यात बुडवली, वाळवली आणि पुन्हा गुंडाळली. टोकं भिडेनात.

"घ्या, वाटीलाही गुण आला."

टेलरबाईंना हसू आलं नाही. जन्मभर कापड भिजवणाऱ्या बाईला हे कळत नव्हतं थोडंच? कळून घ्यायचं नव्हतं. फीत खोटी ठरली की गाठ खरी ठरत होती. त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं. बाहेर आल्या तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता.

"वाढलीय गं. वरची कातडी आत ओढली गेलीय."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दोन्ही बाजू आणि काखा तपासल्या, छातीचे क्ष-किरण फोटो काढायला लावले, सुईने गाठीचा कण तपासणीसाठी घेतला. "सुईने रोग पसरतो ही थाप आहे," त्या म्हणाल्या. "बहुतेक गाठी साध्या निघतात. पण दुखत नाही म्हणून साधी, असं नसतं. तपासल्याशिवाय मलाही सांगता येत नाही."

रिपोर्ट वाईट आला. उपचार होते, पण आता ते मोठे आणि कठीण होते.

पुढच्या सभेत टेलरबाई वाटी घेऊन उभ्या राहिल्या आणि महाराजांच्याच जलात त्यांचीच फीत आटवून दाखवली. महाराज गडबडले. "श्रद्धा डळमळली की असंच होतं, माई."

"वाटीची श्रद्धा कधी डळमळली, महाराज?"

मागून कुणीतरी हसलं. टेलरबाई बायकांकडे वळल्या.

"आपण सगळ्या फीत मोजत बसलो, गाठ कुणीच पाहिली नाही. मला भीती वाटत होती, म्हणून मी आले. भीती तुम्हालाही वाटणारच. पण मला उशीर झाला. तुम्हाला झालाय की नाही, हे या सभागृहात कुणीच सांगू शकत नाही. म्हणून उठा आणि डॉक्टरकडे जा."