मिशीतून शिरलेलं पाणी

भोसरीच्या रबर कारखान्यात ज्योतीराम साचे करायचा. लोक त्याला साचेवाला म्हणत, तो स्वतःला त्याहून दोन पायऱ्या वर धरत असे. इतकी वर्षं त्यानं मोटारींच्या वायसरांचे साचे केले, आणि वायसर ही काय गावात सांगायची गोष्ट नव्हे. मग मालकांनी नवं काम काढलं. समुद्राच्या पाण्यात तोंड घालून खालचं बघायचा मुखवटा: समोर काच, भोवती रबराची कड, आणि तोंडात धरून श्वास घ्यायला वर निघालेली नळी. मुंबईचे एक निवृत्त नौदल कमांडर ही वस्तू परदेशी पाठवणार होते. त्यांना पसंत पडली तर काम भोसरीचं, नाहीतर साचा मुंबईवाल्याकडे आणि ज्योतीराम परत वायसरांवर. इकडे आपल्या गावी कुरुळीत त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं, की वायसर आपण सोडलं.

कमांडर म्हणाले, हौदातली परीक्षा मी मानत नाही. म्हणून थंडीच्या दिवसांत त्यांच्या पांढऱ्या यॉटवरून मंडळी मालवणच्या पुढच्या एका बेटाकडे निघाली. माणूस तिथं राहत नाही. माड, पांढरी वाळू आणि खेकडे. बोटीवर कमांडर, मालक, एक तांडेल, ज्योतीराम आणि ज्योतीरामची बायको चतुराबाई. तिचं काम काय, असं मालकांनी विचारलं तेव्हा ज्योतीराम म्हणाला, "मला मासळीचा वास चालत न्हाई साहेब. दशम्या कोण करणार?" कंपनीच्या कामावर स्वयंपाक सोबत नेणारा कुरुळीतला हा पहिलाच.

बेटाच्या आडोशाला तांडेलानं नांगर टाकला. पाणी तीन पुरुष खोल, आणि दोर सोडला वीस पुरुष.

"तांडेल, एवढा दोर?" ज्योतीराम म्हणाला. "आमच्याकडं विहिरीत एवढा सोडला तर बादली शेजाऱ्याच्या मळ्यात निघंल."

"तुमची विहीर दिवसातून दोनदा चढता काय?" तांडेल म्हणाला. "हय भरतीक पाणी चढता. दोर ताठ ठेवलो तर नांगर उचालतलो, आणि तुमी दशम्या खात गोव्याक."

ज्योतीरामनं मान डोलवली. न कळलेल्या गोष्टीवर मान डोलवायची त्याची सवय कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होती.

कमांडर आधी उतरले. गलमिशांपासून ओठावर उतरलेली त्यांची मिशी म्हणजे दोन हातांनी विंचरावी अशी. जरा वेळानं ठसकत वर आले आणि मुखवटा फळीवर टाकून म्हणाले, "नाकात समुद्र आला. साचा वाकडा आहे."

मालकांनी ज्योतीरामकडे पाहिलं. ज्योतीरामनं कपडे काढले. कुरुळीच्या विहिरीतला पट्टीचा पोहणारा, दुसरा मुखवटा लावून त्यानं सूर मारला.

"पाणी येतंय का?" वर आल्यावर मालकांनी विचारलं.

"न्हाई. आतून जरा घाम आलाय."

घाम काचेआड त्याची काळी मिशी बुडवून नाकपुडीपर्यंत चढलेला सगळ्यांना दिसत होता. मालकांचा ओठ साफ होता, पण त्यांना पोहता येत नव्हतं. ते कठडा सोडायला तयार नव्हते.

चतुराबाईनं दोन्ही मुखवटे उचलून कडेवरून बोट फिरवलं. "ह्यात पांढरा केस, ह्यात काळा," ती म्हणाली. "बरणीच्या तोंडाला फडक्याची चुणी राहिली तर लोणचं नासतं. मिशीवर रबर बसंल कसं?"

मालकांच्या जिवात जीव आला. "ज्योतीराम, खाली साहेबांचं दाढीचं सामान आहे. काढ मिशी."

"न्हाई साहेब."

"अरे, साचा तुझा. काम जाईल."

"जाईल. पर आबा हायेत आमचे. बाप जित्ता असताना मिशी काढून घरी गेलो, तर वेशीवरच बाया रडायला लागतील."

मालकांनी हट्ट सोडला. त्यांनाही वडील होते.

"मला कुठं हाय मिशी," चतुराबाई म्हणाली. तिचं माहेर चऱ्होली, इंद्रायणीच्या डोहात वाढलेली. तिनं कासोटा आवळला, पदर खोचला आणि शिडीनं उतरली. मग बराच वेळ पाण्यावर नुसती नळी फिरत राहिली. इकडून तिकडे, खडकाशी, परत बोटीखाली. ज्योतीराम कठड्याला धरून नळीबरोबर चालत होता.

ती वर आली. काच काढली तर काजळसुद्धा जागेवर.

"बाईचा चेहरा लहान," कमांडर म्हणाले. "त्यावर मी ऑर्डर देत नाही. मला मोठ्या चेहऱ्यावर बघायचंय."

तांडेलाला मिशी आणि वडील दोन्ही होते. मोठा चेहरा तिथं एकच उरला होता. ज्योतीराम अदबीनं पुढं झाला. "साहेब, आपले वडील?"

"गेले. दहा वर्षं झाली."

"मग आपलं कशावर अडलंय?"

तांडेलानं तोंड समुद्राकडे वळवलं. मालक आपल्या बुटांकडे बघत राहिले. कमांडरांनी आधी ज्योतीरामकडे, मग चतुराबाईच्या कोरड्या गालांकडे पाहिलं आणि खाली दाढीच्या सामानाकडे गेले. वर आले तेव्हा ते कुणा दुसऱ्याच घरचे वाटत होते. उतरले, आणि जेवायची वेळ टळून गेली तरी वर येईनात. आले ते हातानंच "पास" अशी खूण करत, आणि पहिला शब्द बोलले तो चतुराबाईशी: "तो निळा, पिवळ्या पट्ट्याचा दिसला तुम्हाला?"

"दिसला की. त्याच्यामागं पिल्लांचं लटांबर व्हतं."

मग दोघं माशांवर बोलत बसली. साचा पास झालेला माणूस मधे बसून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होता.

"खाली काय काय हाय गं?" त्यानं शेवटी हळूच विचारलं.

"सांगून कळायचं न्हाई. दाढीचं सामान अजून खालीच हाय. कुरुळी येईस्तोवर मिशीचा खुंट उगवंल, आबांना काय दिसतंय आता?"

ज्योतीरामनं पाण्यात डोकावून बघितलं. वरून नुसतं हिरवं दिसत होतं.

"दशम्या वाढ," तो म्हणाला.