त्या प्रश्नाला पडलेल्या टाळ्या

माझे वडील, लुआन सर, एकवीस वर्षं रशियन शिकवत होते. तरुणपणी ते सोव्हिएत देशात सहा वर्षं शिकून आले होते आणि आमच्या विन्ह शहरात त्या काळी याला मोठा मान होता. मग तो देशच उरला नाही. रशियन घेणारी मुलं दर वर्षी कमी होत गेली आणि एका सप्टेंबरात त्यांच्या वर्गात कुणीच आलं नाही. शिक्षण खात्यानं अशा सगळ्या शिक्षकांना दोन वर्षं संध्याकाळच्या वर्गांना बसवलं आणि इंग्रजीचे शिक्षक करून टाकलं. पंचेचाळिसाव्या वर्षी बाबांनी नव्या भाषेची वही घातली.

वाचायला त्यांना उत्तम यायचं. व्याकरणात त्यांची चूक काढणारा आमच्या प्रांतात कुणी नव्हता. पण बोललेलं इंग्रजी त्यांच्या कानात शिरत नसे. पाठ्यपुस्तकाबरोबर कॅसेट यायच्या. त्यांत परदेशी कॉलेजातली मुलं वाचनालयात, कार्यालयात, एकमेकांच्या खोलीत काहीबाही बोलत असत, किंवा एखादा प्राध्यापक ज्वालामुखीवर, मधमाश्यांवर बोलत असे. मुलांनी ते ऐकून प्रश्नांची उत्तरं द्यायची. बाबा कॅसेट अर्धा मिनिट लावायचे, बंद करायचे आणि पुस्तकाच्या शेवटी छापलेला मजकूर स्वतः वाचून दाखवायचे. सावकाश, एकेक शब्द सुटा करून. त्यांच्या वर्गातल्या मुलांना बाबांचं इंग्रजी पूर्ण समजायचं. बाकी कुणाचंच समजायचं नाही.

मीही त्याच शाळेत होते. माझा कान तयार झाला तो शॉर्टवेव्हच्या रेडिओवर. का कुणास ठाऊक, पण मला ते ऐकू यायचं. माझ्या बाकावरची ङान एकदा म्हणाली, "ख्वे, तुझे बाबा इंग्रजी बोलायला लागले की वर्गात बर्फ पडायला लागतो." सगळ्या मुली हसल्या. मीही हसले, आणि घरी जाऊन त्यांच्याशी दोन दिवस धड बोलले नाही. त्याचं कारण त्यांना कळलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही.

मी सोळा वर्षांची होते तेव्हा प्रांतातल्या सगळ्या इंग्रजी शिक्षकांसाठी एक व्याख्यान ठरलं. ऑस्ट्रेलियातून मिसेस हॅलोरन नावाच्या बाई येणार होत्या आणि विषय होता, ऐकून समजणं कसं शिकवावं. मुख्याध्यापक बिएन सरांनी भाषांतराचं काम बाबांना दिलं. तो मान नव्हता, परीक्षा होती, हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं. त्या वर्षी खात्याला रशियनकडून आलेल्यांपैकी निम्मे शिक्षक वर्गातून काढायचे होते. खात्याचे साहेब पहिल्या रांगेत बसणार होते. बाबांचा वर्ग राहणार की जाणार, ते त्या सकाळी ठरणार होतं.

बाईंनी भाषणाचा मजकूर आधी पाठवला होता. बाबांनी नऊ दिवस बसून त्याचं भाषांतर केलं. स्वच्छ अक्षरात, ओळीखाली ओळ. आमच्याकडे ही रीतच होती. पाहुणा एक परिच्छेद बोलणार, भाषांतरकार हातातला परिच्छेद वाचणार, सभागृह टाळ्या वाजवणार. व्याख्यानाच्या आदल्या दुपारी त्यांनी मला अंगणात बोलावलं. लाओसकडून येणारा कोरडा वारा सुटला होता, दोरीवरचे कपडे फडफडत होते. ते म्हणाले, मजकूर सोडून बाई काही बोलल्या तर पंचाईत होईल.

"तू पहिल्या रांगेत कडेला बस. मी पाणी प्यायलो की हळूच सांग. आपल्या भाषेत. दोन शब्द पुरेत, पुढचं मी जुळवतो."

मी हो म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं, "दोन शब्द, बरं का." मी पुन्हा हो म्हटलं.

व्याख्यान चाळीस मिनिटं ठीक चाललं. बाईंचा आवाज ऐकून नव्हे, तर त्या थांबल्या की बाबा वाचत होते, आणि ते कुणाच्या लक्षात येत नव्हतं. त्यांनी पांढरा शर्ट घातला होता, रशियातून आणलेला टाय बांधला होता. मग बाईंनी कागद बाजूला ठेवले आणि टेबलावरचा टेपरेकॉर्डर सुरू केला. एक मुलगा प्राध्यापकाकडे निबंधासाठी आठवडाभराची मुदत मागायला आलेला. प्राध्यापक अतिशय गोड बोलत होता, मुलाचं कौतुक करत होता, आणि त्या गोड बोलण्यातूनच नाही म्हणत होता. मुलाला ते कळलं नव्हतं, तो आभार मानून निघून जात होता. दोन मिनिटांचं संभाषण. सभागृहात दीडशे शिक्षक बसले होते आणि पंख्यांखेरीज आवाज नव्हता.

बाईंनी टेप थांबवला. समोर बघून त्या हसऱ्या चेहऱ्यानं म्हणाल्या, तुमच्यापैकी किती जणांना हे समजलं नाही? हात वर करा, यात लाजण्यासारखं काही नाही, मलाही परक्या भाषेत असंच होतं.

बाबांनी कागदाकडे पाहिलं. पान उलटलं. मग ग्लास उचलून पाणी प्यायले.

मी त्यांच्यापासून आठ-दहा फुटांवर होते. त्यांनी ग्लास खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा उचलला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा त्यात पाणी नव्हतं, ते नुसतेच प्यायल्यासारखं करत होते. मला सगळं समजलं होतं. टेपमधला शब्द न् शब्द, बाईंचा प्रश्न, बाबांचे डोळे. दोन शब्द तोंडात तयार होते आणि मी ओठ उघडले नाहीत.

बाबा माइकजवळ गेले आणि म्हणाले, "मॅडम आपल्या सर्वांचे मनःपूर्वक आभार मानत आहेत."

सभागृहानं टाळ्या वाजवल्या. जोरात, बराच वेळ. किती जणांना समजलं नाही असं विचारल्यावर दीडशे शिक्षक टाळ्या वाजवत होते. बाई आधी गोंधळल्या, मग त्यांना काय झालं असेल ते कळलं आणि त्यांना थोडं हसू आलं. त्याच वेळी मी हसले. मोठ्यानं. टाळ्या नेमक्या थांबल्या होत्या.

ते हसू आपोआप आलं असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. मी बाईंकडे बघत हसले, त्यांना दिसावं म्हणून. या सभागृहात एकीला समजलंय, हे त्यांना कळावं म्हणून. आणि त्यांना ते कळलं. त्यांनी माझ्याकडे बोट करून इंग्रजीत विचारलं, तू काय ऐकलंस? मी उभी राहिले आणि सांगितलं. प्राध्यापक कसा नाही म्हणाला, कुठल्या शब्दावर त्याचा आवाज खाली आला, मुलगा का फसला. गरजेपेक्षा जास्तच सांगितलं. खात्याचे साहेब मागे वळून बिएन सरांशी काहीतरी बोलले आणि बिएन सरांनी मला हातानं मंचावर जायची खूण केली.

बाबांनी खिशातून रुमाल काढला, माइक पुसला आणि माझ्या हातात दिला. उरलेला अर्धा तास भाषांतर मी केलं. ते मंचाच्या कडेला खुर्चीवर बसून होते. शेवटी सगळ्यांबरोबर त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

सायकलवरून घरी येताना मी मागच्या कॅरिअरवर बसले होते.  बाबांनी विचारलं, त्या टेपमधला प्राध्यापक नक्की काय म्हणाला होता. मी सांगितलं. त्यांनी ते एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं. वाटेत थांबून त्यांनी मला ईल माशाची पेज खाऊ घातली. स्वतः घेतली नाही, भूक नाही म्हणाले.

दोन आठवड्यांनी त्यांचा वर्ग गेला आणि हातात शाळेच्या सामानाच्या खोलीची किल्ली आली. तिथून पुढे नऊ वर्षं ते नव्या शिक्षकांच्या वर्गात टेपरेकॉर्डर नेऊन ठेवत, तास संपला की परत आणत आणि प्रत्येक कॅसेट सुरुवातीला गुंडाळून खोक्यात ठेवत. त्याच महिन्यात माझं नाव इंग्रजी स्पर्धेसाठी प्रांताच्या संघात गेलं. तिथून शिष्यवृत्ती, तिथून मेलबर्न. माझ्या आयुष्यात पुढे जे काही बरं झालं, त्याचा धागा त्या सकाळपर्यंत जातो.

मेलबर्नला पहिल्या व्याख्यानात मी तिसऱ्या रांगेत बसले. प्राध्यापक खिडकीकडे बघत, वाक्यं अर्धी गिळत बोलत होते. मला काहीही समजलं नाही. रेडिओवरची माणसं मला ऐकू यावं म्हणून बोलत होती, हे मला तेव्हा कळलं. वर्ग हसला की मी अर्ध्या क्षणानं हसायचे. मंचावर उभं राहून बाबांना काय ऐकू आलं असेल, ते मला त्या खोलीत बसून ऐकू आलं. त्या आठवड्यात मी घरी लिहिलं की इथलं सगळं समजतं, काळजी नसावी. बाबांचं उत्तर इंग्रजीत आलं. एकही चूक नव्हती. तू आमचा अभिमान आहेस, असं त्यात होतं. तेव्हाच त्या सकाळचं खरं काय ते लिहून टाकायला हवं होतं. पुढच्या पत्रात लिहीन म्हटलं, मग घरी जाईन तेव्हा सांगीन म्हटलं. हनोईत भाषांतरकार म्हणून नोकरी लागली, दर टेटला, नववर्षाच्या सणाला, घरी जात राहिले, आणि दर टेटला बाबा शेजाऱ्यांना हिरव्या पानांच्या चहाला बोलावत आणि सगळ्यांच्या मध्ये मला बसवत. माणसं उठून गेली की ते थकलेले असायचे, आणि सांगणं राहून जायचं.

या वसंतात ते गेले. सकाळी झाडांना पाणी घालताना पडले, दुपारपर्यंत संपलं. मी पोचले तेव्हा त्यांना अंघोळ घालून झाली होती.

एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला घरी जुने शिक्षक आले. उदबत्त्या लावून झाल्या, चिकट भात आणि उकडलेली कोंबडी फोटोपुढून खाली आली, चटया अंथरल्या. बिएन सर एक्याऐंशीचे झालेत. त्यांना नातवानं धरून आणलं आणि आईच्या समोर बसवलं. त्यांना आता फार कमी ऐकू येतं, त्यामुळे ते स्वतः मोठ्यानं बोलतात. त्यांनी ताटाला हात लावला नाही. आईला म्हणाले, "वहिनी, लुआनला त्या सामानाच्या खोलीत माझ्या सहीनं घातलं. इतकी वर्षं तुमच्या दारावरून गेलो, पण आत यायची हिंमत झाली नाही."

आई म्हणाली, जुन्या गोष्टी कशाला, चहा घ्या. त्यांना ते ऐकू आलं नाही.

"त्या दिवशी सगळ्यात आधी टाळी मी वाजवली," ते म्हणाले. "मला बाईंचं ओ की ठो कळलं नव्हतं. इथे बसलेल्या कुणालाच कळलं नव्हतं. आणि कळलं नाही म्हणून शिक्षा एकट्या लुआनला. खात्याला कुणाचं तरी नाव द्यायचं होतं. त्याचं नाव देणं सोपं होतं, सगळ्यांनी बघितलेलं होतं." त्यांनी डोळे पुसले. "मला त्याची माफी मागायची होती. राहून गेलं."

चटईवरचे बाकीचे म्हातारे खाली बघत होते. त्यांच्यातले निम्मे रशियनचे होते. ते त्या दिवशी पहिल्या दहा रांगांमध्ये कुठेतरी बसले होते.

मी सरांच्या बाजूला बसले होते.  गप्प राहणं सोपं होतं. ते मला चांगलं जमतं. मी त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले की सर, दोष तुमचा नाही. बाबांनी मला आधी सांगून ठेवलं होतं, अडलं तर हळूच सांग म्हणून. बाबांनी त्या दिवशी माझ्याकडे तीनदा पाहिलं. मला येत होतं आणि मी सांगितलं नाही.

"काय? मोठ्यानं बोल, पोरी."

मी परत सांगितलं. त्यांनी हात कानामागे धरला आणि मान हलवली. तिसऱ्या वेळी मला जवळजवळ ओरडावं लागलं. "बाबांनी माझ्याकडे मदत मागितली होती, सर. मला सगळं समजलं होतं. मी मुद्दाम सांगितलं नाही."

घरातलं बोलणं थांबलं. स्वयंपाकघरातून माझी आत्या दारापर्यंत आली. बिएन सर माझ्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांना या वेळी ऐकू आलं होतं.

आईच्या हातात चहाचा पेला होता. तो तिनं सरांपुढे ठेवला. "मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "ह्यांनी त्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणाले, एवढी माणसं बघून पोर घाबरली, तिला मुळी तसं सांगायलाच नको होतं. माझंच चुकलं, म्हणाले. पुन्हा तिच्यापुढे हा विषय काढायचा नाही, म्हणून मला बजावलं."

तिनं सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि मग माझ्याकडे. आवाज नेहमीचाच होता, पण ती जणू माझ्यासाठी दार उघडं धरून उभी होती, हे मला दिसत होतं.

"घाबरली होतीस ना तू?"

वीस वर्षांत इतकं सोपं काही मला कुणी विचारलं नव्हतं. एक शब्द बोलले असते की घर पुन्हा बोलायला लागलं असतं, आत्या भात घेऊन आली असती आणि बाबांना जे वाटत होतं ते तसंच राहिलं असतं.

"नाही, आई," मी म्हणाले.

हे मी हळू बोलले होते. बिएन सरांनी शेजारच्याला कोपर लावलं आणि विचारलं, काय म्हणाली ती. त्यानं उत्तर दिलं नाही. सरांनी पलीकडच्याला विचारलं. त्यांना कुणीच काही सांगितलं नाही.